गाळून घेतलेली आंबील

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फाटकाची कडी वाजली, की कोण आलं हे पाहायच्या आधीच काय विचारायला आलं ते मला कळतं. बाई फाटकातच उभी राहते, पदराचं टोक तोंडाशी, आणि हळूच म्हणते, "मॅडम, त्याहिचं डोस्कं लय धरलं. काय देऊ व?" मी शाळेत मराठी शिकवते. व्याकरण विचारायला आजवर कोणी फाटकात उभं राहिलं नाही. हँगओव्हर हा शब्द आता आमच्याही पोरांच्या तोंडी आलाय, पण बायका अजून 'उतरली नाही' एवढंच म्हणतात.

मग मी सांगते. आधी पाणी दे, कोमट, घोट घोट. गटागटा पाजशील तर बादली घेऊन बस. मग लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर. पोटात टिकलं तर केळं, नाही तर भाताची पातळ पेज. मळमळत असेल तर आल्याचं पाणी, चमचाभर मध घालून. आणि संत्र्याच्या गावात राहतो म्हणून उपाशीपोटी संत्र्याचा रस देऊ नकोस, तो चादरीवर परत येतो. माणूस हलवूनही उठत नसेल, तर लिंबू कापत बसू नकोस, सरळ दवाखान्यात ने. बाकी यातल्या कशानंही दारू उतरत नाही, बाई. उतरते ती वेळानं. आपण फक्त तो वेळ काढायला मदत करतो.

आणि सगळ्यात शेवटी आंबील. ज्वारीचं पीठ रात्रीच ताकात भिजवायचं, सकाळी पाणी घालून पातळ शिजवायचं, लसूण, जिरं, ओवा, मीठ. उन्हाळ्यात आमच्याकडे ती घरोघरी होते, उन्हाची बाधा होऊ नये म्हणून. माझ्या घरी ती बारा महिने होते.

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की आता बोलताना माझं मलाच हसू येतं. मारत नाही, शिवी देत नाही, रस्त्यात पडत नाही. फक्त घेतो. आणि घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोरासारखं त्याला उठवावं लागतं, पाजावं लागतं, पुसावं लागतं.

मी सांगते ती गोष्ट यंदाच्या मार्चमधली. पोरीला पाहायला रविवारी सौंसरचे पाहुणे यायचे होते. मुलगा बोरगावच्या कारखान्यात सुपरवायझर, चांगला शिकलेला, घरी थोडी कपाशी. पोरगी आमची इथेच एका लॅबमध्ये काम करते, शांत आहे, पण डोळ्यांनी सगळं टिपते. मागच्या साली तिचं एक स्थळ जमत आलं होतं आणि फिरलं. मध्यस्थानं बोटं मोडत कारण सांगितलं होतं, "पोरीचा बाप घेते म्हणून कोणी तरी त्याहिच्या कानात टाकलं." पोरीत खोट नाही, रूपात नाही, शिक्षणात नाही. खोट बापाच्या ग्लासात! तेव्हापासून माझ्या छातीत एक धडधड बसली होती. या वेळी कोणाला कळता कामा नये, एवढंच मी देवाला सांगत होते.

पण देव आणि ट्रक, दोघंही आपल्या वेळेनं येतात. तिगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मृग बहाराची तोड शुक्रवारी संपणार होती, गाडी एक दिवस उशिरा आली. आमच्याकडे रीत अशी, की बगीचा तुटला, म्हणजे शेवटची संत्री उतरून गाडीत भरली, की तिथेच झाडाखाली मटण शिजतं आणि मोहाची दारू निघते. मालकानं घेतली नाही तर तोडणारे म्हणतात, मालक नाराज आहे. पोरीचे बाबा सकाळी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुही शपथ, तोंड ओलं नाही करत." संध्याकाळी धाकट्या दिरानं त्यांना मोटारसायकलवरून आणलं तेव्हा तोंडच काय, शर्टही ओला होता. माझी शपथ घेतली होती, म्हणजे मरायचं मलाच होतं.

मी पीठ ताकात भिजवलं आणि झोपले.

रविवारी पाहुणे जेवणाच्या आधी येणार होते. मी उजाडताच उठले. पोह्यांचं सामान काढलं, अंगणात सडा टाकला, आणि मग आमच्या महाराजांकडे वळले.

"उठा न."

"हो."

"हो म्हणून तसेच झोपले न परत!"

"ओरडू नोको व. डोस्कं फुटून राहिलं माहं."

"फुटू द्या. बारा वाजता फुटू द्या. आता पाहुणे येऊन राहिले."

लिंबूपाणी दिलं. अर्धं प्यायले, अर्धं उशीवर. चिंच-गुळाचं पाणी दिलं, ते टिकलं. केळं हातात दिलं तर त्याच्याकडे पाहत बसले, जणू ते काय असतं हे आठवत होते. मी एक हात पोह्यांत, एक हात त्यांच्या पाठीवर, आणि कान फाटकाकडे. रस्त्यावरून कोणतीही गाडी गेली की मी फाटकापर्यंत जाऊन यायची. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिंबाच्या साली, केळ्याच्या साली, चिंचेचा चोथा, मधाची बाटली, आल्याचे तुकडे. पाहायला येणार होते पोरीला, आणि घर दिसत होतं वैद्याच्या दुकानासारखं.

दीर आला, दारात उभा राहून शहाणपण सांगायला लागला. "वैनी, एक घोट द्या त्याले. उतारा म्हणून. काट्यानं काटा निघते."

"काटा निघत नाही भाऊजी, पाय सडते. तुम्ही तुमचा काटा घेऊन घरी जा."

तो गेला. त्याची बायको, माझी जाऊ, मदतीला थांबली. जीव लावणारी बाई आहे, पण घाईत तिचे हात डोक्याच्या आधी चालतात.

पोरगी आंघोळ करून आली. साडी नेसायच्या आधी ओट्याशी उभी राहिली, भिजवलेल्या चिंचेतलं बोटूक उचललं, मीठ लावलं आणि चोखत मला म्हणाली, "आई, तू बस थोडी. सकाळपासून उभीच हाये तू."

"तू तुहं काम पाह्य. आंबील घे अर्धी वाटी, उन्हात पित्त होईल."

"नोको मले."

ती कधीच घेत नाही. लहान होती तेव्हाही आंबिलीची वाटी सरकवून द्यायची. चिंच चालते, कच्ची कैरी चालते, आंबट संत्रं सालीसकट चालतं, आंबील चालत नाही. पोरींच्या आवडीनिवडी, दुसरं काय, असं मी म्हणायची.

आंबील शिजवली. ती गाळून घेतली, कारण पिठाची गुठळी घशात गेली की पोरीच्या बाबांना ठसका लागतो आणि ठसक्यानं सगळी मेहनत बाहेर येते. गाळलेली आंबील पितळी गडव्यात भरली आणि कोपऱ्यात झाकून ठेवली. पाहुण्यांसाठी मठ्ठा स्टीलच्या जगात केला. आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातात आधी मठ्ठा देतात, मग बाकीचं. जावेला बजावून सांगितलं, जगातलं पाहुण्यांना, गडव्यातलं घरच्यांना. तिनं मान हलवली.

पाहुणे आले तोवर पोरीच्या बाबांना मी उभं केलं होतं. पांढरा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, तोंडात वेलदोडा, गालात बडीशेप. डोळे मात्र लाल. आंबील अजून पाजायची राहिली होती, वेळच मिळाला नाही. खुर्चीत बसवून त्यांच्या कानात सांगितलं, "कमी बोलजा. काही विचारलं तर म्हणा, तोडीचं जागरण झालं."

पाच जण होते. मुलगा, त्याचे आई-वडील, मामा आणि मध्यस्थ. मुलगा पाहताक्षणी आवडला मला, उंच, नीट बसणारा, चपला एका ओळीत काढून ठेवणारा. वडील सावकाश चालत आले, खुर्चीचा हात धरून बसले. मामांनी पोरीच्या बाबांना विचारलं, "तब्येत बरी नाही का जी?"

"तोडीचं जागरण झालं," पोरीचे बाबा पाठ केल्यासारखं म्हणाले. मी दारामागे डोळे मिटले.

"आमचंबी तसंच," मुलाची आई लगेच म्हणाली. "काल रामाकोन्याले सोयऱ्याच्या पोरीचं साक्षगंध होतं. तिथूनच आलो. याहिले जागरण सोसत नाही."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्यासारखीच माणसं आहेत, दमलेली, समजून घेणारी. मी पोह्यांत लिंबू पिळायला वळले, आणि पाहते तर कोपऱ्यातला गडवा नाही.

जाऊ ट्रे घेऊन बाहेर पोचली होती. पितळी गडवा दिसायला चांगला, म्हणून पाहुण्यांसाठी तोच असणार, असं तिच्या हातांनी ठरवलं होतं.

थांबवायचं तरी कसं? दाराच्या फटीतून पाहत राहिले. मामांनी एक घोट घेतला, भुवया वर गेल्या, ग्लास खाली ठेवला. मध्यस्थानं तोंड वाकडं केलं, "हे काय व, आंबील का? लसणाची?" मुलानं ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि तसाच धरून ठेवला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आता कोणी तरी म्हणणार, ही तर गाळलेली आंबील, उताऱ्याची, घरात कोणाला लागते?

मुलाच्या वडिलांनी ग्लास उचलला आणि तोंडापासून न हलवता रिकामा केला. डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. आणि डोळे न उघडताच रिकामा ग्लास उजवीकडे, बायकोच्या समोर धरला.

ती उठली. परक्या घरात, परक्या माणसांत, पदर सावरत, तो ग्लास हातात घेऊन ती दोन पावलं चाललीसुद्धा. मग बैठकीच्या मधोमध थांबली. हे आपलं घर नाही, हे तिला तेव्हा आठवलं असावं. तिचा चेहरा मी दारातून पाहिला. तो चेहरा मला ओळखीचा होता, रोज सकाळी मोरीवरच्या आरशात पाहते मी तो.

मी दार उघडलं, जावेच्या हातातला गडवा घेतला. "या न बाई, आत या. अजून हाये," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावरचा पसारा आवरायला मला वेळ कुठे होता? तिनं सगळं पाहिलं. लिंबाच्या साली, मधाची बाटली, चिंचेचा चोथा, अर्धं खाल्लेलं केळं. काही विचारलं नाही. आल्याचा अर्धवट किसलेला एक तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाली, "किसू नोका. ठेचून उकळजा. किसलेलं पोटाले लागते."

"हो का?" मी म्हटलं.

"आंबील गाळून घेता तुम्हीबी."

"ठसका लागते न."

"हो न. ठसका लागते."

मी गडवा तिच्याकडे सरकवला. सकाळपासून मी भीत होते, की यांना कळेल. कळलं होतं. पण आता माझ्या छातीत दुसरीच धडधड सुरू झाली, सकाळच्यापेक्षा मोठी. मी माझं घर झाकत बसले होते, आणि पोरीला कुठे पाठवायला निघाले होते?

न विचारताच ती म्हणाली, "माहा पोरगा घेत नाही हो. हातबी लावत नाही."

मी मान हलवली.

ती ग्लास भरत होती. भरता भरता थांबली, आणि इतक्या हळू बोलली, की मला पुढे वाकावं लागलं. "माही सासूबी माह्या मायले असंच म्हणे."

मागे बांगड्या वाजल्या. पोरगी साडी नेसून, पोह्यांच्या बशा घ्यायला दारात उभी होती. किती वेळची, देव जाणे.

पाहण्याचा कार्यक्रम झाला. पोहे सगळ्यांनी खाल्ले, नाव, शिक्षण, गोत्र, सगळं विचारून झालं. हल्लीच्या रीतीप्रमाणे मुलाला आणि मुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं. खाली आम्ही मोठी माणसं उन्हावर बोललो, कपाशीवर बोललो, संत्र्याला आलेल्या डिंक्या रोगावर बोललो. दोन्ही बाप समोरासमोर बसले होते, दोघांचे डोळे लाल, आणि दोघं एकमेकांना मोठ्या आदरानं सांगत होते, की जागरण या वयात सोसत नाही. मला हसावं का रडावं कळेना.

पोरं खाली उतरली. मुलाचा चेहरा उतरलेला, पण रागाचा नव्हता. पोरीनं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. निघताना मी मुलाच्या आईला कुंकू लावलं, ओटी भरली. तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. "आठवड्यात निरोप पाठवजा," मध्यस्थ म्हणाला आणि गाडी गेली.

मी फाटक लावलं आणि तिथूनच पोरीला विचारलं, "काय बोलला व? कसा वाटला?"

"चांगला हाये."

"मग?"

ती पायरीवर बसली. "मी त्याले विचारलं, आंबील येते का करता. त्याले वाटलं, मी मजाक करून राहिली. मग सांगतली त्यानं. सगळी सांगतली. पीठ कधी भिजवाचं, ओवा किती, अन् बाबाले उठवाच्या आधी गाळून घ्याची म्हणे. शाळेत होता तवापासून करते तो. मायचे हात दुखतेत म्हणून."

"अवो माय," माझ्या तोंडून निघालं. "किती गुणाचं पोरगं हाये व! असा पोरगा दिवा घेऊन शोधला तरी नाही भेटणार. अन् तो घेतबी नाही."

"आज नाही घेत. बाबाबी लग्नाच्या वेळी घेत नव्हते, तूच सांगते."

"सगळे सारखे नसतेत."

"नसतीन. पण आई, त्या घरी गेली न, तर पहिल्याच सकाळी मले काहीच नवीन वाटणार नाही. मी उठीन, अन् पीठ कुठं ठेवलं ते न विचारता मले सापडीन." तिचा आवाज कापला, पण ती थांबली नाही. "मले अशा घरी जाचं हाये, जिथं आंबील निसती उन्हाळ्यात बनते. नाही म्हणून सांगून दे."

मला एकदम तिची लहानपणची वाटी दिसली, सरकवून दिलेली. आंबट आवडत नाही म्हणून नाही. त्या वासानं तिला आमची सकाळ आठवत होती, आणि मी आपली पित्तावर चांगली असते म्हणून तिच्या मागे लागत होते. रडू आलं मला. तिच्यासाठी आलं, त्या पोरासाठी आलं, त्याच्या आईसाठीही आलं.

पोरीचे बाबा दारात उभे होते. हातात आंबिलीचा ग्लास होता, जावेनं आता कुठे त्यांना नेऊन दिलेला, अजून भरलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग घसा खाकरून, पाहुण्यांशी बोलल्यासारखं हळू विचारलं, "अन् आपलं घर, बेटा?"

पोरीनं वळून पाहिलं. रागावली नव्हती. बापाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर एका बाजूनं दुमडली होती, ती उठून तिनं सरळ केली.

"हे काही मले पाहून पसंत करता आलं नव्हतं न, बाबा," ती म्हणाली.